युरोपियन मालिका बघायला बसताय? आधी आवाज बदला

"एखादी छान युरोपियन सिरीज सांग ना." हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. आणि मी नाव सुचवलेल्यांपैकी निम्मी माणसं दुसऱ्या भागावर अडकून परत येतात. "फार संथ आहे गं." "नावं लक्षात राहत नाहीत." "सगळं अंधारात चाललंय, दिवे लावत नाहीत का ही माणसं?" पूर्वी मी वाद घालायचे. आता आधी एवढंच विचारते, कुठल्या भाषेत बघितलीस? उत्तर बहुतेक वेळा 'इंग्रजीत' असं येतं. मालिका असते डॅनिश किंवा जर्मन, आणि बघितलेली असते भलत्याच कुणाच्या तरी आवाजात.

तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी, माझ्या चुकांवरून शिकलेला हा क्रम. मतं माझी आहेत आणि काही ठिकाणी ठाम आहेत.

पायरी पहिली: मूळ आवाज लावा

नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी परदेशी मालिका लावली की ती पुष्कळदा आपोआप डबिंगमध्ये सुरू होते. भाग चालू झाला की ऑडिओच्या यादीत जायचं आणि जिच्यापुढे 'ओरिजिनल' लिहिलंय ती भाषा निवडायची. मग सबटायटल्स. इंग्रजीचे दोन पर्याय दिसले तर 'सीसी' नसलेला घ्या. सीसी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतं. त्यात दार करकरलं, कुत्रा भुंकला हेही लिहून येतं आणि कित्येकदा ते डबिंगच्या संवादांशी जुळवलेलं असतं. मग कानावर एक पडतं आणि डोळ्यांपुढे दुसरंच येतं. अक्षरं बारीक वाटली तर सेटिंगमध्ये मोठी करता येतात. पन्नाशीपुढच्या प्रेक्षकांनी तर ती करावीतच, नाहीतर दहा मिनिटांत डोळे मिटतात आणि दोष मालिकेला जातो.

आवाजासाठी एवढा आग्रह का, ते 'द ब्रिज'वरून सांगते. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन आणि स्वीडनचं माल्मो यांना जोडणारा ओरेसुंड पूल २००० साली सुरू झाला. जवळजवळ आठ किलोमीटर लांब. २०११ च्या या मालिकेत पुलावरचे दिवे जातात, परत येतात, आणि दोन देशांच्या सीमारेषेवर बरोबर मधोमध एक प्रेत आडवं पडलेलं असतं. तपास दोघांकडे: स्वीडनची सागा नोरेन आणि डेन्मार्कचा मार्टिन रोदे. ती स्वीडिशमध्ये बोलते, तो डॅनिशमध्ये, आणि दोघं एकमेकांचं बरंचसं समजून घेतात. मराठी माणसाने गोव्यात कोंकणी ऐकावी तसं काहीसं. बहुतेक कळतं, मग एखाद्या शब्दाला ठेच लागते, आणि त्या ठेचेवरून थट्टा सुरू होते. डबिंगमध्ये दोघंही गुळगुळीत इंग्रजी बोलतात. मग पूल कशाला हवा होता, असा प्रश्न पडतो.

इटलीच्या 'गोमोरा'त नेपल्सची बोली इतकी दाट आहे की खुद्द इटलीत ती इटालियन सबटायटल्ससह दाखवली गेली. 'माय ब्रिलियंट फ्रेंड'मध्ये तर बोली हाच विषय आहे. नेपल्सच्या गरीब वस्तीतल्या दोन मैत्रिणी, लीला आणि लेनू. एकीला शाळा पुढे मिळते, दुसरीला मिळत नाही. शिकलेलीच्या तोंडी हळूहळू प्रमाण इटालियन येऊ लागतं, आणि भांडण जुंपलं की दोघी पुन्हा बोलीवर घसरतात. घरी मालवणी किंवा वऱ्हाडी आणि कॉलेजात 'शुद्ध' बोलणाऱ्या कुणालाही ही वेदना समजावून सांगावी लागणार नाही. पण ती ऐकू यायला हवी.

आणखी एक गोष्ट, ज्यात आपण इंग्रज प्रेक्षकापेक्षा पुढे आहोत. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'व्हू' आहे, जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी'. म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. इंग्रजी सबटायटल दोन्हीला 'यू' लिहून मोकळं होतं. तुम्ही कान उघडे ठेवा. साहेब कारकुनाला काय म्हणतो, प्रेमात पडलेली माणसं 'व्हू' कधी सोडतात, भांडणात ते मुद्दाम परत कधी येतं, हे दोन-तीन भागांत आपोआप कळू लागतं. उलट डेन्मार्कमध्ये आदरार्थी रूप रोजच्या बोलण्यातून जवळपास गेलंय. तिथल्या 'बोर्गन' मालिकेत पंतप्रधानबाईंना त्यांचे कर्मचारी सरळ नावाने हाक मारतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उगाचच दचकायला झालं होतं.

एक सूट देते. घरातल्या मोठ्यांना इंग्रजी सबटायटल्स जमत नसतील आणि हिंदी डबिंग असेल तर ते लावा, सगळ्यांनी मिळून बघा. दरोड्यावरची स्पॅनिश 'मनी हाइस्ट' हिंदीतही आहे, आणि त्या आरडाओरड्याचं डबिंगने फारसं नुकसान होत नाही.

पायरी दुसरी: भाग मोजा

आपल्याकडची दैनंदिन मालिका शेकडो भाग चालते. इथे एका सीझनला बहुतेक वेळा सहा, आठ, फार तर दहा भाग. ब्रिटिश विनोदी मालिकांची परंपरा सहाची. 'फॉल्टी टॉवर्स' या जगभर गाजलेल्या मालिकेचे एकूण भाग किती? बारा. सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये, आणि नंतर लिहिणाऱ्यांनी दुकान बंद केलं.

कारण साधं आहे. यातल्या बऱ्याच मालिका सार्वजनिक वाहिन्यांनी केलेल्या आहेत, आणि लिहिणारी माणसं मोजकी असतात. डेन्मार्कच्या डीआर या वाहिनीने तर तत्त्वच ठरवलं होतं की मालिकेमागची दृष्टी लेखकाची असेल आणि बाकी सगळे तिच्याभोवती काम करतील. दुसरं तत्त्व 'दुहेरी गोष्टी'चं: वर रंजक कथानक, खाली समाजाचा किंवा नीतीचा एखादा प्रश्न. साठ लाखांच्या आसपास वस्ती असलेला देश, मुंबईहून कितीतरी लहान, आणि त्याच्या मालिका जगभर बघितल्या गेल्या. त्यात या दोन नियमांचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: सुरुवातीला दहा भागांच्या आतली एक गोष्ट निवडा, आणि रोज एकच भाग बघा. डेन्मार्कमध्ये लोकांनी या मालिका रविवारी रात्री, आठवड्याला एक अशा बघितल्या. शनिवारी दुपारी सहा भाग सलग रेटले की अंधार, पाऊस आणि दुःख यांचा एकत्रित मारा होतो. मग "संथ" हा शब्द तोंडात येणारच.

पायरी तिसरी: पहिली मालिका आपल्या ओळखीच्या विषयावरची

बहुतेक जण थेट 'डार्क' लावतात. नका लावू. तिच्याकडे नंतर येऊ.

मराठी माणसाने 'बोर्गन'पासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. बोर्गन म्हणजे किल्ला. कोपनहेगनमधल्या क्रिस्चियान्सबोर्ग राजवाड्याचं हे बोलीतलं नाव. संसद, पंतप्रधानांचं कार्यालय आणि सर्वोच्च न्यायालय, तिन्ही त्या एका इमारतीत. मध्यममार्गी छोट्या पक्षाची नेता बिर्गिते न्यूबोर्ग निवडणुकीनंतरच्या जुळवाजुळवीत अनपेक्षितपणे पंतप्रधान होते. डॅनिश संसदेत १७९ जागा, बहुमताला ९० लागतात. पहिल्याच भागापासून हा नव्वदचा आकडा कानावर आदळत राहतो. १४५ चा आकडा जुळवण्यात कोण कुणाकडे गेलं आणि पहाटे काय झालं हे ज्याने २०१९ मध्ये टीव्हीसमोर बसून बघितलंय, त्याला आघाडीचं राजकारण समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की इथे फुटाफूट कमी आणि खातेवाटपाची घासाघीस जास्त. आणि पंतप्रधान सायकलवरून कामाला जाते.

मालिका २०१० च्या शरद ऋतूत सुरू झाली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कला खरोखरच पहिली महिला पंतप्रधान मिळाली, हेले थॉर्निंग-श्मिट. गंमत पुढे आहे. न्यूबोर्गच्या काल्पनिक पक्षाचं नाव 'मॉडरेट'. काही वर्षांनी एका माजी पंतप्रधानांनी खऱ्या डेन्मार्कमध्ये जवळपास त्याच नावाचा पक्ष काढला.

पण 'बोर्गन'चा जीव संसदेत नाही, घरात आहे. संध्याकाळी सातला स्वयंपाकघरात नवरा-बायकोत मुलांच्या वेळापत्रकावरून जे बोलणं होतं, ते मंत्रिमंडळाच्या बैठकीपेक्षा जास्त ताण देतं. सिड्से बाबेट क्नुडसेन ही अभिनेत्री हसते छान, आणि तिचं ते हसू भागागणिक कसं कमी होत जातं तेवढं बघा. पहिले दोन सीझन उत्तम. तिसरा थोडा ढिला आहे, नव्या पक्षाची उभारणी लांबते. २०२२ मधला चौथा ग्रीनलंडमध्ये सापडलेल्या तेलावर आहे. नायिका त्यात चक्क अप्रिय वागते. मला तो आवडला, पण मध्ये महिनाभर जाऊ द्या.

राजकारणाचा कंटाळा असेल तर गुन्ह्याकडे वळा, आणि आधी वर सांगितलेली 'द ब्रिज' घ्या. सागा नियम सोडून बोलत नाही, खोटं बोलत नाही, आणि समोरच्याला काय वाटेल याचा तिला अंदाजच येत नाही. असं पात्र विनोदासाठी वापरणं सोपं असतं. इथे चार सीझनमध्ये तिची चेष्टा होत नाही, आणि तरी आपण हसतो. या कल्पनेच्या नकला अनेक देशांनी केल्या. अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवर एक झाली, ब्रिटन-फ्रान्समधल्या बोगद्यात दुसरी. मूळच बघा.

त्यानंतर 'द किलिंग', मूळ डॅनिश, २००७ ची. पहिल्या सीझनला वीस भाग, प्रत्येक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. नान्ना नावाच्या १९ वर्षांच्या मुलीचा खून होतो. तपास करणाऱ्या सारा लुंडचा फेरो बेटांवरचा विणलेला स्वेटर इतका गाजला की ब्रिटनमध्ये लोक तो शोधत फिरले. मला मात्र स्वेटरपेक्षा नान्नाच्या आईवडिलांचं जेवणाचं टेबल आठवतं. इतर गुन्हेकथांत प्रेत मिळालं की घरच्यांना दोन मिनिटं रडायला देतात आणि मग पोलिसांच्या मागे धावतात. इथे वीस भाग त्या घरातली शांतता आपल्याबरोबर राहते. कुणी भांडी घासतं, कुणी शवपेटीचा रंग निवडतं. हळवे असाल तर रात्री झोपायच्या आधी बघू नका.

पायरी चौथी: एक वही घ्या

हे 'डार्क'साठी. जर्मनीतलं विंडेन नावाचं काल्पनिक गाव, अणुऊर्जा प्रकल्प, जंगलातली गुहा, आणि १९५३, १९८६, २०१९ अशी तेहेतीस वर्षांच्या अंतराने एकमेकांत गुंतलेली वर्षं. चार कुटुंबं. तेच माणूस तीन वयांत, तीन नटांच्या रूपात. २०१७ ते २०२० मध्ये तीन सीझन, २६ भाग, आणि गोष्ट ठरवून संपवलेली.

वहीच्या मधल्या पानांवर चार चौकोन करा: कानवाल्ड, नीलसन, डॉपलर, टीडेमान. नवा चेहरा आला की योग्य चौकोनात नाव, वर्ष आणि एक खूण लिहा. 'कानाला व्रण', 'पिवळा रेनकोट' असं. पेन्सिलीने लिहा, कारण पुष्कळ नाती खोडावी लागतात. इंटरनेटवर वंशावळ शोधायला गेलात तर पहिल्याच चित्रात सगळी रहस्यं उघडी पडतील. माझ्या एका भाच्याने हे केलं आणि मग मालिकाच कंटाळवाणी आहे असं सगळ्यांना सांगत सुटला.

खरं तर नावांची अडचण फक्त 'डार्क'ची नाही. सगळ्याच परदेशी मालिकांत पहिले दोन भाग माणसं ओळखण्यात जातात. नाव लक्षात राहत नसेल तर व्यवसाय लिहा: 'दाढीवाला पत्रकार', 'सेक्रेटरी'. तिसऱ्या भागापासून वही लागत नाही.

आणि कायदा वेगळा असतो, हे धरून चाला. फ्रेंच 'स्पायरल'मध्ये न्यायाधीशच तपास चालवताना दिसतो, पोलिसांना आदेश देतो, आरोपीला आपल्या कार्यालयात बसवून प्रश्न विचारतो. हिंदी सिनेमातलं कोर्ट डोक्यात असेल तर वाटतं, यांचं काहीतरी चुकलंय. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी तपास न्यायाधीश हे पद खरोखर आहे. एवढं माहीत असलं की आठही सीझन सोपे होतात.

पायरी पाचवी: विनोद, पण जपून

दुःखाला पासपोर्ट लागत नाही, विनोदाला व्हिसाही लागतो. म्हणून विनोदी मालिका नंतर. पण त्या टाळू नका. देश कशाला घाबरतो हे तिथल्या नाटकी मालिकांपेक्षा विनोदी मालिकांत लवकर दिसतं.

सर्वांत सोपा दरवाजा 'येस मिनिस्टर' आणि तिचा पुढचा भाग 'येस प्राइम मिनिस्टर', बीबीसी, १९८० ते १९८८. मंत्री जिम हॅकर, सचिव सर हम्फ्री, आणि दोघांच्या मध्ये चेंगरलेला खासगी सचिव बर्नार्ड. एका भागात सगळ्या सोयींनी सज्ज असं इस्पितळ आहे. शेकडो कर्मचारी, रुग्ण एकही नाही, आणि सचिवांच्या मते ते अत्यंत कार्यक्षमतेने चाललेलं आहे. मंत्रालयात एकदा जरी फाइल अडकली असेल तर हसता हसता पोट दुखेल. २००१ मध्ये फारुख शेख यांची 'जी मंत्रीजी' यावरूनच आली होती. हम्फ्रीची लांबलचक वाक्यं मात्र इंग्रजी असूनही सबटायटल्स लावूनच ऐका. उत्तर आयर्लंडच्या 'डेरी गर्ल्स'लाही हाच सल्ला: नव्वदच्या दशकात रस्त्यावर सैनिक, आणि पाच शाळकरी पोरांना काळजी परीक्षेची आणि पार्टीची. त्यांचे उच्चार माझ्या कानाला चौथ्या भागात जरा पकडता आले.

परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गावरची जुनी ब्रिटिश मालिका 'माइंड युवर लँग्वेज' अनेकांच्या मनात घर करून आहे. लहानपणी मीही हसले होते. आता लावली तर प्रत्येक देशाच्या माणसाला एकेक ठोकळा करून ठेवलाय हे खुपतं. ज्यांना आठवण जपायची आहे त्यांनी पुन्हा बघू नये.

फ्रान्ससाठी 'कॉल माय एजंट!'. मूळ नाव 'दी पूर साँ', म्हणजे 'दहा टक्के', एजंटाचं कमिशन. पॅरिसमधली नटनट्यांची एजन्सी, चार सीझन, प्रत्येकी सहा भाग. दर भागात खरीखुरी तारका किंवा नट स्वतःचीच भूमिका करतो, आणि स्वतःला हास्यास्पद होऊ देतो. पहिल्याच भागात सेसिल द फ्रान्सला कळतं की एका अमेरिकन सिनेमातली भूमिका तिच्या वयामुळे गेली. आता हे तिला सांगायचं कुणी? एजन्सीतल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंच्या कुत्र्याचं नाव झाँ गाबाँ, म्हणजे आपल्याकडे कुत्र्याला एखाद्या जुन्या महानायकाचं नाव द्यावं तसं. २०२१ मध्ये याची हिंदी आवृत्ती निघाली. त्यातल्या तारे-तारकांना स्वतःची चेष्टा करून घ्यायला पुरेसा धीर झाला नाही, असं मला वाटलं. सगळं कसं इस्त्री केलेलं.

आता जर्मन. "जर्मनांना विनोद कळत नाही" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्याला माझं उत्तर 'तातॉर्टरायनिगर', म्हणजे गुन्ह्याची जागा साफ करणारा. पोलीस आणि फोटोग्राफर निघून गेल्यावर बादली-फडकं घेऊन येतो तो शॉटी. त्याला साफसफाई करायची असते, पण दरवेळी कुणीतरी येतं: मृताची बायको, शेजारी, लेखक, कुणीतरी विचित्र. मग जवळपास अर्धा तास दोन माणसं एका खोलीत बोलतात. ३१ भाग. लेखिका मूळची रंगभूमीवरची, टोपणनावाने लिहिणारी. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका ज्यांनी बघितल्यात ते पाच मिनिटांत ओळखतील: एक खोली, दोन पात्रं, बाहेर न जाता उलगडणारी गोष्ट. सबटायटल्ससह मिळवायला थोडी शोधाशोध करावी लागते. करा.

यापेक्षा लहान डोस हवा असेल तर आज रात्रीच 'डिनर फॉर वन' बघा. अठरा मिनिटं, भाषा इंग्रजी, चित्रीकरण १९६३ मध्ये जर्मन वाहिनीने केलेलं. मिस सोफी यांचा नव्वदावा वाढदिवस. चार जुने मित्र जेवायला यायचे, सगळे वारले, तरी त्यांच्या जागा मांडलेल्या. बटलर जेम्स एकेकाच्या वतीने पेला रिकामा करतो आणि प्रत्येक फेरीत वाघाच्या कातड्याच्या डोक्याला अडखळतो. जर्मनीत दर ३१ डिसेंबरला ही दाखवतात, नॉर्वेत २३ डिसेंबरला. ब्रिटिश नटांची, इंग्रजी भाषेतली गोष्ट, आणि ब्रिटनमध्ये ती अनेक वर्षं फारशी कुणाला माहीत नव्हती.

युक्रेनची 'सर्व्हंट ऑफ द पीपल' ही विनोदी मालिका म्हणून बघणं आता कठीण आहे. इतिहासाचा शिक्षक भ्रष्टाचारावर वैतागून शिव्या घालतो, विद्यार्थी त्याचं चित्रण इंटरनेटवर टाकतो, आणि तो राष्ट्राध्यक्ष होतो. २०१५ ची मालिका. शिक्षकाची भूमिका करणारे वोलोदिमिर झेलेन्स्की २०१९ मध्ये खरोखर राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्या सीझनमध्ये हसू येतं, पण घशात अडकतं.

पायरी सहावी: घरात कोण आहे ते बघून लावा

युरोपियन मालिकांत नग्नता आणि शारीरिक संबंध फारशा पूर्वसूचनेशिवाय येतात, आणि तिथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. सासूबाई शेजारी असतील तर वयाची सूचना आधी वाचा. 'गोमोरा' मुलांसमोर अजिबात नको. त्यातला हिंसाचार कोरडा आहे, संगीत लावून सजवलेला नाही, म्हणून जास्त लागतो. ज्यांच्या पुस्तकावरून ती आली ते रोबेर्तो सावियानो २००६ पासून पोलीस संरक्षणात राहतात.

आमच्याकडे सगळ्यांनी मिळून बघितलेली मालिका म्हणजे 'इन्स्पेक्टर मोंतालबानो'. सिसिली बेट, काल्पनिक विगाता गाव, १९९९ ते २०२१ या काळातले ३७ भाग, प्रत्येक एखाद्या सिनेमाएवढा. कुठलाही आधी बघा, फार बिघडत नाही. मोंतालबानो जेवताना बोलत नाही आणि दुसऱ्याने बोललेलं त्याला खपत नाही. कामवाल्या आदेलीनाने फ्रिजमध्ये काय करून ठेवलंय ते उघडून बघतानाचा त्याचा चेहरा बघून आई म्हणाली, "हा कोकणातला दिसतो." समुद्र, मासळी, दुपारची झोप, आणि प्रत्येकाला प्रत्येकाची बातमी. पोलीस चौकीतला कातारेल्ला दर भागात दारावर आदळतो आणि प्रत्येक आडनावाची वाट लावतो. आई आता त्याचीच वाट बघते.

पायरी सातवी: कुठे शोधायचं

नेटफ्लिक्स, प्राइम वगैरेंवरच्या याद्या सतत बदलतात. आज इथे असलेली मालिका पुढच्या महिन्यात नसते, म्हणून मी जागांची यादी देत नाही. शोधताना इंग्रजी नावाने नाही सापडलं तर मूळ नाव घाला. 'द किलिंग' म्हणून शोधलंत तर अमेरिकन नक्कल पुढे येईल, 'फॉरब्रिदेल्सेन' म्हणून शोधलंत तर खरी. मूळ नावाने शोधण्याची सवय एवढ्यासाठीच लावून घ्या.

फ्रान्स आणि जर्मनीच्या 'आर्टे' वाहिनीच्या संकेतस्थळावर काही गोष्टी इंग्रजी सबटायटल्ससह फुकट बघता येतात. ब्रिटनमधल्या मराठी घरांना चॅनल फोरवरचा 'वॉल्टर प्रेझेंट्स' हा परदेशी मालिकांचा विभाग फुकट आहे. अमेरिकेतल्यांनी गावच्या वाचनालयाच्या कार्डावर काय मिळतं ते आधी विचारावं. जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलांसाठी तर 'तातॉर्ट'. १९७० पासून रविवारी सव्वाआठला, दर आठवड्याला वेगळं शहर, वेगळे पोलीस, दीड तासात गुन्ह्याचा निकाल. कित्येक पबमध्ये लोक ती एकत्र बसून बघतात. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या परीक्षा देऊन गेलेल्यांना तिथल्या बोली पहिल्यांदा कळत नाहीत. सबटायटल्स जर्मनच लावा. खुनी कोण यावर शेजारच्या टेबलाशी पैज लावता लावता वाक्यं बसतात.

पुढे जायचं असेल तर

इथवर आलात तर मग तुमचं तुम्ही बघालच. तरी तीन नावं.

'द ब्युरो', फ्रान्सच्या गुप्तहेर खात्यावरची. नायक सहा वर्षं दमास्कसमध्ये खोट्या नावाने राहून पॅरिसला परततो आणि ते खोटं नाव त्याला सोडवत नाही. पाच सीझन, पन्नास भाग. बंदुका कमी, टेबलं आणि फायली जास्त, आणि तरी श्वास रोखला जातो. मला आजवर बघितलेल्यांत सर्वांत आवडती.

'मनी हाइस्ट' तुम्ही बहुधा बघितलीच आहे. स्पेनच्या वाहिनीवर २०१७ मध्ये ती सत्तरेक मिनिटांच्या पंधरा भागांत दाखवली आणि गोष्ट संपली होती. नेटफ्लिक्सने ते कापून बावीस छोटे भाग केले, मग मागणीवरून पुढचे वाढवले. पहिला दरोडा संपतो तिथे थांबलात तर एक नीटस गोष्ट बघितल्याचं समाधान मिळेल.

आणि 'डेकालॉग'. पोलंड, १९८० च्या दशकाचा शेवट, वॉर्साची एकसारख्या इमारतींची वसाहत, दहा भाग, प्रत्येक सुमारे तासाभराचा. क्शिश्तॉफ किश्लोव्स्की यांनी बायबलमधल्या दहा आज्ञांवरून केलेली. प्रत्येक भागात त्याच वसाहतीतली वेगळी माणसं. एका भागातला माणूस दुसऱ्यात लिफ्टमध्ये दिसून जातो. क्रम पाळायची गरज नाही, पण पहिला भाग लहान मूल असलेल्यांनी एकट्याने बघू नये. पाचवा आणि सहावा यांचे मोठे सिनेमेही झाले. मी ते दहा भाग दहा आठवड्यांत बघितले, दर रविवारी एक, जेवणं आटोपल्यावर, फोन आतल्या खोलीत ठेवून.